जुनी ८ हॉर्सपॉवर मोटर आणि १२ फुटी बोट : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

ताब्यात काय आलंय ते आधी लिहून ठेवतो. ८ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर अडकवायची मोटर. दोन सिलेंडर, दोघांत मिळून एक कार्ब्युरेटर, पण इग्निशन कॉइल दोन वेगळ्या. सेल्फ वगैरे काही नाही, दोरी ओढायची. सोबत १२ फुटी फायबरची बोट. दोघींनी भरपूर खारं पाणी खाल्लेलं आहे.

तक्रार अशी की थंड असताना मोटर लगेच चालू होते, चांगली पळते, आणि फुल थ्रॉटलवर काही मिनिटं गेली की गळपटते. बंद पडते. जरा वेळ थांबलं की पुन्हा चालू. यावर आजवर झालेला इलाज एकच दिसतो, कार्ब्युरेटर खोलून साफ करणे. त्याच्या स्क्रूंच्या खाचा पाहिल्या की किती वेळा झालाय तेही कळतं, पार गुळगुळीत झाल्यात.

म्हणून यावेळी मोजल्याशिवाय काही खोलायचं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलून मोटर सुधारली तर नेमकी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पहिलं मोजमाप कॉम्प्रेशनचं. दोन्ही प्लग काढले, प्लगच्या वायरी इंजिनाच्या बॉडीला अर्थ केल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. वरचा सिलेंडर १०५ पीएसआय, खालचा १००. हे आकडे गेजगणिक थोडे बदलतात, त्यामुळे आकड्यापेक्षा दोघांतला फरक बघायचा. तो १० टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे रिंगा, पिस्टन, हेड गॅस्केट ठीक आहेत असं धरून पुढे जायला हरकत नाही. इथेच गोची निघाली असती तर बाकीच्या कामाला हात लावण्यात अर्थ नव्हता.

प्लग मात्र वेगळं बोलतात. वरचा फिकट तपकिरी, जसा हवा तसा. खालचा काळा, ओला, तेलकट. ही ओळ ठळक करून ठेवतो. कार्ब्युरेटर एकच आहे, म्हणजे दोन्ही सिलेंडरना मिश्रण एकच मिळतं. मग ओला एकच प्लग का?

१३ ऑक्टोबर

स्पार्क तपासला. टेस्टरच्या गॅपमध्ये दोन्हीकडे निळा, कडक स्पार्क. मोटर थंड आहे हे लक्षात ठेवून ही नोंद वाचायची.

टेस्टर नसेल तर प्लग नीट बॉडीला टेकवूनच बघावा. वायर हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढू नये. सीडीआय इग्निशनमध्ये, म्हणजे कपॅसिटरमधून कॉइलला झटका देणाऱ्या इग्निशनमध्ये, करंटला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आतच कुठेतरी वाट काढतो, आणि तिथून नवं दुखणं सुरू होतं. आणि स्पार्क अजिबातच नसेल तर आधी स्टॉप बटणाची वायर सोडवून बघावी. लॅनयार्डची, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायच्या सुरक्षा दोरीची, क्लिप नीट न बसल्यामुळे ‘सीडीआय गेला’ ठरलेल्या मोटरी कमी नसतील.

गियर ऑइल काढलं. खालचा स्क्रू सोडला, मग वरचा. ऑइलच्या आधी चमचाभर स्वच्छ पाणी आलं आणि मागोमाग दुधाळ, राखाडी ऑइल. पाणी आत शिरतंय. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर बारीक करडी लुकण होती, ती चालते. धातूचे कण किंवा कपचे नव्हते, म्हणजे गियर शाबूत आहेत. मूळ तक्रारीशी याचा संबंध नाही, पण हे दुर्लक्षित राहिलं तर मोटर न गळपटता थेट गियरबॉक्समधून जाईल.

१९ ऑक्टोबर

आजचा दिवस बोल्टांचा. खालचं युनिट, म्हणजे गियरबॉक्स आणि पाण्याचा पंप असलेला भाग, उतरवायचं होतं आणि बोल्ट ढिम्म. स्टेनलेसचे बोल्ट, ॲल्युमिनियमची बॉडी आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे लहानशी बॅटरीच झाली. ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. अशा वेळी लांब पाना लावून जोर केला की बोल्टचं डोकं हातात येतं आणि बाकीचा बोल्ट आतच राहतो.

आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. आज बोल्टच्या भोवतालची बॉडी हीट गनने तापवली. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, म्हणून ऊब बॉडीला द्यायची. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ ठोके. आणि पाना लावल्यावर आधी पाव फेरा घट्ट करायच्या दिशेला, मग सैल. पुन्हा तेल, पुन्हा मागेपुढे. शेवटचा बोल्ट सुटताना असा करकरला की तुटलाच असं वाटलं. सगळे अख्खे निघाले. बसवताना आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, लावायचं.

गियरची सळई सोडवली आणि युनिट खाली आलं. वॉटर पंपाचं झाकण उघडलं. इंपेलरची, म्हणजे पाणी वर ढकलणाऱ्या चाकाची, रबरी पाती एकाच बाजूला वाकून तशीच राहिलेली, बोटाने सरळ केली तरी परत वाकतात. एका पात्याला मुळाशी चीर. अजून तुटलेलं नव्हतं हे नशीब, कारण तुटलेलं पातं पाण्याच्या नळीतून वर जाऊन कूलिंगच्या वाटेत अडकतं आणि मग ते शोधत बसावं लागतं. नवा इंपेलर बसवताना त्याला शाफ्टला धरून ठेवणारी चावी जागेवर ठेवली आणि झाकण खाली दाबत शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत गेलो, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. शाफ्टच्या दातऱ्यांना ग्रीस फक्त बाजूंनी लावलं. टोकावर ग्रीसचा गोळा राहिला तर तो क्रँकच्या खाचेत दाबला जाऊन युनिट पूर्ण वर बसू देत नाही.

मोटरचा पंखा (प्रॉपेलर) काढला आणि गियरबॉक्समध्ये पाणी कुठून शिरत होतं ते कळलं. पंख्यामागच्या वॉशरच्या आत मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळलेली होती, इतकी घट्ट की कापून काढावी लागली. दोरी फिरत फिरत सीलच्या ओठात घुसते आणि रबर कापते. सीलला नखाएवढी खाच होती. दोन्ही सील बदलले. एक आतलं ऑइल अडवायला, एक बाहेरचं पाणी अडवायला, म्हणून त्यांची तोंडं उलटसुलट असतात.

२० ऑक्टोबर

गियरबॉक्समध्ये हातपंपाने थोडी हवा भरून पाण्यात बुडवला. बुडबुडे नाहीत. नवं ऑइल खालच्या भोकातून वर चढवलं, वरच्या भोकातून यायला लागेपर्यंत. वरून ओतलं की मध्ये हवा अडकते. आधी वरचा स्क्रू लावला, म्हणजे खालची नळी काढताना ऑइल भसकन येत नाही. दोन्ही स्क्रूंचे वायसर नवे.

२६ ऑक्टोबर

आता बोट. मोटर जिथे अडकवतात ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, बाहेरून ठणठणीत दिसते. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. वरच्या काठाशी टणक आवाज, आणि तळातल्या बुचाच्या भोकाभोवती बद्द. आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारलं. वरून कोरडा, पिवळा भुसा आला. खालून ओला, काळपट लगदा आणि कुजका वास.

फायबरच्या बोटीत ट्रान्समच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. त्याला पाणी बाहेरच्या कातडीतून लागत नाही, भोकांतून लागतं. बुच, कड्या, नंतर कोणी मारलेला एखादा स्क्रू, यांपैकी कुठलंही एक भोक उघडं राहिलं की लाकूड वर्षानुवर्षं पाणी पीत राहतं. इथे बुचाच्या भोकात लाकडाची कड तशीच उघडी होती. मोटरचा सगळा रेटा याच फळीवर येतो. त्यामुळे ‘आणखी एक वर्ष काढेल’ हा हिशेब इथे करू नये.

बाहेरची कातडी तशीच ठेवून आतली कापून काढली. लगदा खरवडला. आता वाळू द्यायचं, आणि त्याला वेळ लागणार. पंखा लावून ठेवलाय. तोवर मोटर.

२ नोव्हेंबर

कार्ब्युरेटर खोलला, कारण तो सवयीचा आरोपी आहे आणि एकदाचा यादीतून काढायचा होता. आत लख्ख. जुन्या पेट्रोलचा चिकट थर नाही, हिरवट बुरशी नाही. मेन जेटमधून उजेड आरपार दिसतो. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे, निडल व्हॉल्व्हच्या टोकाला कडा पडलेली नाही. फक्त गॅस्केट बदललं, आयडलचा स्क्रू दीड फेरा उघडा ठेवला आणि बंद केला. जेट साफ करायचीच वेळ आली तर वायरीतली तांब्याची एक तार वापरावी, स्टीलची सुई नको. जेट पितळेचं असतं, सुईने भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कायमचं बिघडतं.

३ नोव्हेंबर

नवं पेट्रोल, ५० ला १ प्रमाणात ऑइल, म्हणजे ५ लिटरला १०० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं. मोटरसायकलचं टू-स्ट्रोक ऑइल यात घालू नये. आउटबोर्ड पाण्याने थंड होते आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनापेक्षा पुष्कळ गार चालते, तिथे त्या ऑइलमधली राख प्लगवर आणि पिस्टनवर साठत जाते.

ड्रममध्ये पाणी पंपाच्या वरपर्यंत भरून चालू केली. तिसऱ्या ओढीला पेटली. मागून पाण्याची धार जोरात, हाताला कोमट. नवा इंपेलर काम करतोय. बराच वेळ चालवली, एकदाही गळपटली नाही.

याचा अर्थ बरी झाली असा मी घेत नाही. ड्रममध्ये मोटरला ओझं नसतं, ती थोडंसंच पेट्रोल पिते. तक्रार फुल थ्रॉटलची आहे, ती पाण्यावरच दिसणार.

१६ नोव्हेंबर

ट्रान्सम झाला. १८ मिलिमीटर मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीने एकमेकांना चिकटवले, सगळ्या कडा इपॉक्सीने भिजवल्या, जागेवर बसवून शिकंजे लावले, वरून काचेच्या कापडाचे थर. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली धरते. उलट केलं, म्हणजे इपॉक्सीवर पॉलिएस्टर, तर भरवसा नाही. म्हणून एकदा इपॉक्सी घेतली की शेवटपर्यंत तीच.

बुचाचं भोक आधी मोठं पाडलं, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरलं, आणि ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध हव्या त्या मापाचं भोक. आता पाण्याला लाकूड दिसतच नाही. कड्यांच्या भोकांचंही तसंच.

मोटर टांगून उंची बघितली. हिचा शाफ्ट शॉर्ट, म्हणजे १५ इंची ट्रान्समसाठी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. बरोबर येते.

१७ नोव्हेंबर

पाण्यावर. भाचा सोबत होता. फुल थ्रॉटल, सगळं छान, आणि मग तेच. आवाज पडला, बोट बसली, मोटर बंद.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, तो आधी बघितला. मग पुन्हा चालू केली आणि भाच्याला सांगितलं, गळपटायला लागली की लगेच प्रायमरचा फुगा, म्हणजे पेट्रोलच्या नळीतला हाताने दाबायचा रबरी पंप, दाब. त्याने दाबला आणि मोटर उठली. दाबत राहिला तोवर चालली. थांबला की पुन्हा खाली. मोटरला पेट्रोल कमी पडतंय, एवढं नक्की.

पेट्रोल का पोचत नाही? इंजिनाचा पंप पेट्रोल ढकलत नाही, टाकीतून ओढतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या हेलकाव्यांवर त्याचा पडदा हलतो. दाबाखालच्या नळीत लीक असेल तर पेट्रोल बाहेर ठिबकतं. ओढीच्या नळीत लीक असेल तर बाहेरची हवा आत येते, आणि बाहेरून सगळं कोरडं ठाक दिसतं. हळू चालवताना थोडी हवा खपून जाते. फुलवर तेवढी हवा म्हणजे तेवढं पेट्रोल कमी.

पेट्रोलची नळी मोटरला जोडणारा कनेक्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक इंधन नळी लावली आणि पुन्हा निघालो. “मामा, बुडबुडे!” भाचा ओरडला. बारीक, साखळीसारखे, एकसारखे येत होते. मोटर बंद करून फुगा जोरात दाबून धरला. मोटरकडच्या कनेक्टरच्या बुडाशी हळूहळू ओल आली. आतली ओ-रिंग चपटी आणि कडक झालेली, नखाने टवका उडाला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराची अशी वाट लावतं.

ओ-रिंग बदलली, बाकी काही नाही. बुडबुडे गेले. नळी मात्र घरी येऊन उभी चिरून बघितली. आतलं अस्तर एका जागी सुटायला लागलेलं. सुटलेलं अस्तर फुगा दाबताना बाजूला होतं आणि पंप ओढायला लागला की मध्ये येऊन वाट अडवतं. ते दुखणं ओळखायला फार जड, कारण बुडबुडेही दिसत नाहीत. फुग्यासकट पूर्ण लाइन नवी घातली. फुग्यावरचा बाण मोटरच्या दिशेने.

२३ नोव्हेंबर

फुलवर आता बंद पडत नाही. पण तापली की मिसिंग मारते, आणि वेग पडतो. फुगा दाबून उपयोग नाही, पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही.

इथे १२ ऑक्टोबरची ती ठळक ओळ कामाला आली. घरी येऊन प्लग काढले, पुन्हा खालचाच ओला. पेट्रोल कमी पडलं असतं तर दोन्ही सिलेंडर उपाशी राहिले असते. एकच मरतोय, त्याचं कॉम्प्रेशन चांगलं आहे, आणि त्याचा प्लग ओला आहे म्हणजे पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. राहिला करंट. थंड असताना तो दोन्हीकडे बरोबर होता हेही लिहिलेलं आहे. म्हणजे तापल्यावर जातो.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, दोन्हींचा सारखा. पण मीटर दोन-चार व्होल्टांवर मोजतो आणि प्लगला हजारो व्होल्ट लागतात. मीटरवर पास झालेली कॉइल कामावर नापास होऊ शकते. म्हणून सरळ दोन्ही कॉइल आपसात बदलल्या. खालची वर, वरची खाली. नवे प्लग, पाण्यावर नेली, तापवली. यावेळी प्लग ओला झाला तो वरचा. दोष कॉइलसोबत गेला. सीडीआय आणि वायरिंग सुटलं.

संध्याकाळी अंधार पडल्यावर ड्रममध्ये चालू करून, वरचं झाकण काढून, त्या कॉइलवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारला. फ्लायव्हील उघडं फिरत असतं, तेव्हा बाह्या वर आणि हात लांब. कॉइलच्या काळ्या अंगातून पत्र्याच्या पट्टीकडे निळी केसासारखी ठिणगी टिकटिकताना दिसली. दिवसा भिंगाखाली त्या जागी चीर दिसते, एरवी डोळ्याला लागत नाही. तापली की चीर उघडते आणि करंटला प्लगपेक्षा जवळची वाट मिळते.

म्हणजे दोष दोन होते, आणि दोघांची खोड एकच. दोन्ही तापल्यावर, फुलवर, आणि थांबलं की बरे. थांबल्यावर माणूस सवयीने फुगा दाबतो, म्हणून कार्ब्युरेटरचं भांडं भरतं. तेवढ्यात कॉइलही गार होते. कार्ब्युरेटर खोलला की त्यात तासभर जातो, मोटर गार होते, आणि साफ केल्यामुळेच चालू झाली असं वाटतं.

३० नोव्हेंबर

नवी कॉइल बसवली. पट्टीखालची अर्थची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली, स्क्रूला वायसर, वरून गंजरोधक ग्रीस.

पाण्यावर बराच वेळ फुलवर ठेवली आणि फुलवरच स्टॉप बटण दाबून बंद केली. हळू करून बंद केली तर प्लगवर आयडलचा रंग चढतो आणि फुलची परिस्थिती कळत नाही. दोन्ही प्लग फिकट तपकिरी, कोरडे.

वळणावर पंखा हवा ओढतो, आवाज एकदम चढतो. मोटरचा तिरकेपणा ठरवणारी ट्रिमची पिन एक भोक आत घेतल्यावर कमी झालं. पुढे कोणी बसलं की नाक खाली जातं, त्यामुळे पिनचं भोक किती माणसं आहेत त्यावर ठरणार.

७ डिसेंबर

गियर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सोडून थेंबभर बघितलं. स्वच्छ, पाणी नाही. सील धरलं.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात चालवून धुतली, मग सरळ उभी ठेवून पाणी निथळू दिलं. झिंकचा ॲनोड, म्हणजे बॉडीऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, निम्म्याहून जास्त खाल्लेला होता, बदलला. जुन्यावर कोणीतरी रंग मारला होता. रंगवलेला ॲनोड काही कामाचा नाही, त्याच्या वाटणीचं बॉडी झिजते.

राहिलेली कामं: स्टार्टरची दोरी हँडलच्या गाठीपाशी विरली आहे, ती बदलायची. ते करताना चष्मा घालायचा, आतली स्प्रिंग उसळते. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात उघडतो का बघायचं. पंख्याच्या हबवर आतल्या-बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढली आहे. रेघेचे तुकडे एकमेकांपासून सरकले तर आतलं रबर घसरतंय असं समजायचं. पुढच्या महिन्यात बघणार.